‘न्वार’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असे आले आहेत: ‘फिल्म न्वार’चा (शब्दशः ‘काळा चित्रपट’; चाळिशीच्या दशकातले हॉलिवूडचे उदास गुन्हेगारी चित्रपट) उच्चार नेमका काय, त्याला ‘कृष्णपट’ म्हणावं का, आणि त्यातल्या ‘फाम फताल’ला, म्हणजे पुरुषाला नादी लावून नाशाकडे नेणाऱ्या नायिकेला, ‘विषकन्या’ हा शब्द चालेल का?

उच्चार ‘न्वार’. ‘नॉयर’, ‘नोईर’ ही स्पेलिंग वाचून पाडलेली रूपं. ‘अन्वय’ आणि ‘धन्वंतरी’ म्हणणाऱ्या जिभेला ‘न्व’ जड नाही. शेवटचा ‘र’ फ्रेंच लोक घशातून काढतात, तो हट्ट आपण सोडून देऊ.

‘कृष्णपट’ मला पटत नाही. एक तर या चित्रपटांचा नायक हम्फ्री बोगार्ट याच्याऐवजी बासरीवालाच डोळ्यांपुढे येतो. शिवाय ‘कृष्णधवल’ रूढ असल्यामुळे वाटतं, की हे फिल्मच्या रंगाबद्दल चाललंय. १९४५चा ‘लीव्ह हर टू हेवन’ चक्क टेक्निकलर, म्हणजे रंगीत आहे. भर उन्हात, होडीत बसून नायिका जीन टियर्नी बुडणाऱ्या दिराकडे नुसती बघत राहते. तरीही न्वारच्या यादीत तो हमखास असतो.

हा काळेपणा कथेचा. जर्मन अंमलाखाली फ्रान्समध्ये अमेरिकी चित्रपट येत नव्हते. युद्धानंतर ते एकदमच आले. ‘द माल्टीज फाल्कन’, ‘लॉरा’, ‘डबल इंडेम्निटी’ वगैरे पाहून १९४६मध्ये समीक्षक निनो फ्रँक यांनी हा शब्द त्यांना लावला. गालिमार प्रकाशनाची ‘सेरी न्वार’ ही गुन्हेगारी कादंबऱ्यांची माला आदल्याच वर्षी सुरू झाली होती. त्याआधी, तिसाच्या दशकात, काही फ्रेंच वृत्तपत्रांनी तो स्वदेशी उदास चित्रपटांना नाक मुरडत वापरलाही होता. गंमत म्हणजे हॉलिवूडवाले स्वतः आपल्या या मालाला ‘मेलोड्रामा’ नाही तर ‘थ्रिलर’ म्हणत. मग ‘काळा चित्रपट’? काळा बाजार, काळा पैसा यांच्या पंगतीत तो काळ्या पैशातून काढलेला चित्रपट वाटेल!

‘रहस्यपट’ तर सरळ चूक. ‘डबल इंडेम्निटी’त (१९४४) विमा एजंट वॉल्टर नेफ सुरुवातीलाच डिक्टाफोनवर खुनाची कबुली देतो. खून कोणी केला हे कळूनही आपण खिळून राहतो, कारण तो त्यात कसा अडकत गेला हे पाहायचं असतं. ‘बोलपट’, ‘लघुपट’ यांच्या चालीवर ‘न्वारपट’ करावा. ‘न्वारपटाचा’, ‘न्वारपटांतून’ अशी विभक्तीही बिनतक्रार लागते.

आता विषकन्या. ‘मुद्राराक्षस’ या संस्कृत नाटकात अमात्य राक्षस तिला चंद्रगुप्तावर पाठवतो, चाणक्य तिलाच पर्वतकाकडे वळवतो. तिची स्वतःची इच्छा कोणी विचारतच नाही. ती दुसऱ्याच्या हातातलं शस्त्र. ‘डबल इंडेम्निटी’तली बार्बरा स्टॅनविकची फिलिस कोणाच्या हातातली नाही. नवरा तिला नको आहे, विम्याचे पैसे हवे आहेत, बेत तिच्याच मनात आहे. ‘आउट ऑफ द पास्ट’मधली (१९४७) जेन ग्रीअरही तशीच; रॉबर्ट मिचमला तिचे रंग कळतात, तरी पाय निघत नाही.

माझी पसंती ‘मोहिनी’ला. ती भस्मासुराला मारत नाही, नाचवते. डोक्यावर हात तो स्वतःच ठेवतो. नेफचंही तेच. विमा कंपनीला कसं गंडवता येईल, हा किडा फिलिस भेटण्याआधीच त्याच्या डोक्यात वळवळत होता.

एक फरक राहतो. मोहिनी सुखरूप परतते. हॉलिवूडला ती मुभा नव्हती. त्या काळच्या प्रॉडक्शन कोडमुळे, म्हणजे चित्रपटांच्या आचारसंहितेमुळे, पडद्यावर गुन्हा पचू द्यायचा नसे, त्यामुळे फिलिसलाही गोळी लागते. तेवढ्यासाठी शब्द टाकून द्यावा असं मला वाटत नाही. ज्यांना खटकेल त्यांनी खुशाल ‘फाम फताल’ लिहावं. फक्त ‘फेमे फटाले’ नको.