माझ्या कोल्हापुरातील घरी पडून असलेल्या जुन्या डेस्कटॉपचा दोन-मार्गी स्पीकरांसाठी ॲक्टिव्ह क्रॉसओव्हर (ॲम्प्लिफायरच्या आधीच आवाजाचे खालचे आणि वरचे सूर वेगळे करणारी यंत्रणा) म्हणून कमी खर्चात वापर करता येईल का?

होय, कोल्हापुरातील आपल्या घरी पडून असलेला डेस्कटॉप या कामाला पुरेसा आहे. मात्र दोन्ही बाजूंचे वूफर (खालच्या सुरांचे स्पीकर) आणि ट्वीटर (वरच्या सुरांचे स्पीकर) मिळून 4 स्वतंत्र आउटपुट व तितकेच ॲम्प्लिफायर चॅनेल लागतील. माझ्या शाहूपुरीतील घरी हीच जोडणी आहे: मदरबोर्डच्या 5.1 (सहा चॅनेलच्या) जॅकमधून आउटपुट घेऊन इक्वलायझर एपीओ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 24 डेसिबल प्रति ऑक्टेव्ह उताराचे (म्हणजे नको असलेले सूर झपाट्याने कमी करणारे) लिंकविट्झ-रायली प्रकारचे क्रॉसओव्हर फिल्टर लावले आहेत. वूफर मुद्दाम पुढच्या, म्हणजे हिरव्या जॅकवर ठेवावेत, कारण ड्रायव्हर अद्ययावत होताना फिल्टर निघून गेले, तर पूर्ण पट्ट्यातील आवाज सहसा तिथेच जातो. तरीही ट्वीटरच्या तारेत संरक्षक कपॅसिटर जोडल्याशिवाय ॲम्प्लिफायर कृपया चालू करू नये; संगणक सुरू होतानाच्या धक्क्यानेही ट्वीटरमधील नाजूक व्हॉइस कॉइल (आवाज निर्माण करणारी तारेची गुंडाळी) जळू शकते.