साधी व्ही-8 की प्लग-इन हायब्रिड: दमदार लक्झरी एसयूव्ही घेताना नेमके काय पाहावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सहाशे-सातशे अश्वशक्तीच्या वर्गातली आलिशान एसयूव्ही घ्यायचे ठरले आहे, साधी व्ही-8 (आठ सिलिंडरचे पेट्रोल इंजिन) आणि प्लग-इन हायब्रिड (इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर आणि केबल लावून भरायची बॅटरी) अशा दोन्ही आवृत्त्या समोर आहेत, विक्रेता हायब्रिडच्या बाजूने बोलतो आहे आणि तुमचे मन मात्र व्ही-8मध्ये अडकले आहे. घरी स्वतःचे पार्किंग असल्याचे तुम्ही लिहिले आहे. रोज किती किलोमीटर गाडी चालते, याविषयी मात्र एक अक्षरही नाही. निम्मे उत्तर त्या न लिहिलेल्या आकड्यातच दडलेले आहे. तरीही लिहायला बसलो, कारण नेमक्या याच प्रश्नावरून माझ्या साडूंशी माझा वाद चालू आहे आणि तो अजून मिटलेला नाही.

मी व्ही-8 घेतली. साडूंनी काही महिन्यांनी त्याच कंपनीची, त्याच घडणीची गाडी हायब्रिड आवृत्तीत घेतली. त्या दिवसापासून घरातल्या प्रत्येक कार्यात त्यांचे एक वाक्य ठरलेले असते: "आमच्या गाडीला तुमच्यापेक्षा ताकद जास्त आणि पेट्रोल निम्मे." एका दगडात दोन पक्षी मारल्याचा हा आनंद ते चारचौघांत इतक्या खात्रीने व्यक्त करतात की ऐकणाऱ्याला मी गाडी घेताना पुरता फसलो असावा असे वाटते.

आधी ताकदीचे पाहू. कागदावरची अश्वशक्ती हायब्रिडची जास्त असते, यात शंका नाही. पण ती कशावर खर्च होते हे विक्रेता सांगत नाही. पोर्शे केयेन टर्बो ई-हायब्रिडची एकत्रित ताकद 739 अश्वशक्ती आहे आणि ती 0 ते 100 किमीचा वेग 3.7 सेकंदांत गाठते. त्याच घराण्यातली, विजेच्या मोटरीविना धावणारी टर्बो जीटी 659 अश्वशक्तीत तेच काम 3.3 सेकंदांत करते. बीएमडब्ल्यूची एक्सएम ही हायब्रिड 653 अश्वशक्ती असूनही 4.3 सेकंद घेते आणि त्याच कंपनीची प्लग-इन नसलेली एक्स5 एम काँपिटिशन 625 अश्वशक्तीत 3.9 सेकंद. लॅम्बोर्गिनीची हायब्रिड उरुस एसई 800 अश्वशक्तीची आहे आणि 3.4 सेकंद घेते. तिच्या आधीची साधी उरुस परफॉर्मांटे 666 अश्वशक्तीत 3.3 सेकंदांत तिथे पोहोचत असे. कारण सरळ आहे. पंचवीस-सव्वीस किलोवॅट-तासांची बॅटरी, मोटर, तिला हवी तशी वीज पुरवणारा इन्व्हर्टर, जाडजूड केबली आणि त्यांना थंड ठेवणारी यंत्रणा यांचे वजन अडीचशे-तीनशे किलोच्या घरात जाते. केयेन टर्बो जीटी सुमारे 2,220 किलोची आहे, टर्बो ई-हायब्रिड सुमारे 2,495 किलोची, आणि एक्सएम तर 2,700 किलोच्याही पुढे. वाढवलेल्या अश्वशक्तीचा मोठा हिस्सा स्वतःचेच ओझे ओढण्यात जातो.

जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगच्या सुमारे 20.8 किलोमीटरच्या वळणदार ट्रॅकवर टर्बो जीटीने 2021 मध्ये 7 मिनिटे 38.925 सेकंदांची वेळ नोंदवली होती. 2024 मध्ये ऑडी आरएस क्यू8 परफॉर्मन्सने ती 7 मिनिटे 36.698 सेकंदांवर आणली. या दोघींपैकी एकही प्लग-इन नाही. ऑडीत इंजिनाला किंचित हातभार लावणारी, केबल न लागणारी 48 व्होल्टची छोटी प्रणाली आहे एवढेच. तिलाही हायब्रिड म्हणण्याची हौस कंपन्यांना असली तरी या उत्तरापुरती मी तिला साधीच धरतो. हे आकडे मी साडूंना छापून दिले होते. त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "ट्रॅकवर कोण जातंय?" मुद्दा बरोबर होता, म्हणून आपण ट्रॅकवरून रस्त्यावर येऊ.

गेल्या वर्षी दोन्ही कुटुंबांनी मिळून घाटापलीकडच्या लांबच्या प्रवासाला जायचे ठरवले. दोन्ही गाड्या पहाटे एकत्र निघणार होत्या. साडूंनी रात्रभर चार्जिंग करून ठेवले होते, आणि त्यांची गाडी फाटकातून एकही आवाज न करता बाहेर पडली. माझी व्ही-8 थंड असताना सुरू झाली की पहिले मिनिटभर जी गुरगुरते, तिने शेजारच्या दोन खिडक्यांत दिवे लागले. साडू काच खाली करून हसले. ते हसू मला पूर्ण मान्य आहे.

पण त्याआधी सामान भरताना एक गंमत झाली होती. हायब्रिड आवृत्तीत बॅटरी मागच्या तळाशी असल्याने डिकीची जमीन उचललेली असते, आणि तिच्या खालचा कप्पा, ज्यात एरवी छत्री, टॉर्च, ओले बूट असे किरकोळ सामान मावते, तो नसतोच. त्यांच्या तीन मोठ्या बॅगा आत गेल्यावर चार्जिंग केबलची जाडजूड पिशवी कुठेच बसेना. मागच्या सीटवर मुलांच्या पायांशी ठेवून पाहिली. मुलांनी लाथांनी ती दाराशी लोटली. अखेर ती पिशवी माझ्या डिकीत आली. म्हणजे हायब्रिड गाडीची केबल संपूर्ण प्रवास पेट्रोलच्या गाडीतून करत होती, आणि हे कुणी मुद्दाम घडवून आणलेले नव्हते. (उरुसच्या बाबतीत हा फरक आकड्यांत दिसतो: साध्या उरुस एसची डिकी 616 लिटरची होती, हायब्रिड एसईची 454 लिटरची आहे.)

द्रुतगती मार्गाला लागल्यावर विजेवर धावण्याची त्यांची हौस तासाभरात संपली. विजेवरचा पल्ला प्रयोगशाळेत सत्तर-ऐंशी किलोमीटर असतो. ताशी शंभरच्या पुढच्या वेगाला, वातानुकूलन चालू असताना आणि पाच माणसे आत असताना तो झपाट्याने आटतो. घाटाच्या पायथ्याशी थांबलो तेव्हा त्यांची बॅटरी उतरलेली होती. चढावर मोटरीची साथ हवी म्हणून त्यांनी गाडी स्पोर्ट मोडमध्ये टाकली. या मोडमध्ये इंजिन चाके फिरवतेच, शिवाय बॅटरीही भरत राहते, म्हणजे ओव्हरटेक करताना मोटरीचा धक्का हाताशी राहतो. तो राहिला, हे खरे. ट्रक ओलांडताना टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा) फिरायला लागण्याआधीच मोटर ढकलते, त्यामुळे त्यांची गाडी माझ्या आधी सुटायची, आणि ते मला मागून स्पष्ट दिसत होते. मात्र तो धक्का पेट्रोल जाळून विकत घेतलेला होता. घाट चढल्यावर दोन्ही गाड्या एकाच पंपावर टाकी फुल करायला थांबल्या, तेव्हा त्यांच्या टाकीत माझ्यापेक्षा जास्त पेट्रोल गेले. निघतानाही दोघांच्या टाक्या काठोकाठ होत्या. साडूंनी पावती पाहिली आणि म्हणाले, "बॅटरी भरत होती ना, म्हणून." पेट्रोलपासून वीज, विजेपासून वेग, आणि प्रत्येक टप्प्यावर थोडी उष्णता वाया, हा व्यवहार घरच्या मीटरवरच्या विजेपेक्षा नेहमीच महाग पडणार, हे त्यांना पटवण्याचा प्रयत्न मी त्या पंपावर केला. बायकांनी आम्हा दोघांना गाडीत बसायला सांगितले.

मुक्कामाच्या ठिकाणी ते माझ्या डिकीतून केबल घ्यायला आले. हॉटेलात एकच चार्जर होता आणि त्याला कुणाची तरी पूर्ण इलेक्ट्रिक गाडी लावलेली, मालक झोपलेला. साध्या प्लगवर लावता आले असते, पण तिथे दोन-सव्वादोन किलोवॅटच्या वर काही मिळत नाही, म्हणजे रिकामी बॅटरी भरायला अकरा-बारा तास. आम्ही सकाळी सहाला निघणार होतो. बाहेरच्या जलद चार्जरचाही फारसा उपयोग नाही, कारण या वर्गातल्या बहुतेक प्लग-इन गाड्या डीसी चार्जिंग घेतच नाहीत. त्यांनी केबल पुन्हा माझ्याच डिकीत ठेवली.

उतारावर मात्र पारडे त्यांच्याकडे झुकले, हे लिहिले नाही तर ते इथे येऊन लिहितील. ब्रेक लावण्याआधीच मोटर जनरेटर होऊन गाडीचा वेग धरते, त्यामुळे घाट उतरताना त्यांचे पॅड थंड राहिले आणि बॅटरीतही थोडी भर पडली. पायथ्याशी उतरलो तेव्हा माझ्या चाकांजवळ तापलेल्या ब्रेकचा वास येत होता. त्यांनी वाकून तो मुद्दाम घेतला.

आता तुम्ही म्हणाल की एका प्रवासावरून निष्कर्ष काढू नये. मलाही तसेच वाटले असते, पण युरोपीय आयोगाने 2024 मध्ये 2021 सालच्या लाखो गाड्यांच्या स्वतःच्या इंधन-मापकांतून गोळा केलेली माहिती प्रसिद्ध केली, तिच्यातून हेच दिसते. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्या प्रत्यक्षात प्रयोगशाळेतल्या आकड्यापेक्षा साधारण वीस टक्के जास्त इंधन जाळतात. प्लग-इन हायब्रिड गाड्यांचे प्रत्यक्ष उत्सर्जन कागदावरच्या आकड्याच्या सुमारे साडेतीन पट निघाले. याचा अर्थ तंत्र खोटे आहे असा नाही. कागदावरचा आकडा काढताना बराचसा प्रवास विजेवर होतो असे गृहीत धरलेले असते. लोक तेवढ्या नियमाने केबल लावत नाहीत. "पेट्रोल निम्मे" हे वाक्य केबल लावणाऱ्याच्या तोंडीच शोभते.

तेव्हा उत्तर असे. घरी किमान सात, शक्यतो अकरा किलोवॅटचा चार्जर बसवता येत असेल (अकरावर अशी बॅटरी अडीच-तीन तासांत भरते), रोजची फेरी चाळीस-पन्नास किलोमीटरच्या आत असेल, आणि रात्री केबल लावण्याचा तुम्हाला कंटाळा नसेल, तर हायब्रिड घ्या. शहरातल्या रांगेत ती व्ही-8पेक्षा कितीतरी शांत आणि सुखाची आहे. आठवडाभर पंपाचे तोंड पाहावे लागणार नाही. यांतली एक जरी अट पुरी होत नसेल, किंवा गाडी मुख्यतः लांबच्या प्रवासाला काढणार असाल, तर व्ही-8 घ्या आणि विक्रेत्याला हसून नमस्कार करा. "कधीतरी चार्ज करीन" म्हणणाऱ्याने हायब्रिड घेणे म्हणजे तीनशे किलोची वस्तू जन्मभर डिकीखाली फिरवणे होय, आणि साडूंचे नेमके हेच चालले आहे: सुरुवातीचे काही महिने ते दर रात्री केबल लावत, आता त्यांच्या चार्जरवर पावसाळी रेनकोट वाळत असतो.

काही गोष्टी वर सांगायच्या राहिल्या. तुमच्याकडे उत्सर्जनावर आधारित कर असेल, कंपनीच्या नावाने गाडी घेणार असाल किंवा शहराच्या मध्यभागी पेट्रोलच्या गाड्यांना बंदी येऊ घातली असेल, तर सगळे गणित उलटते आणि चार्ज न केलेली हायब्रिडही कागदोपत्री स्वस्त पडते. वजनामुळे टायर लवकर घासतात, आणि या गाड्यांना बावीस-तेवीस इंची टायर लागत असल्याने तो खर्च विचारूनच घ्या. ब्रेकच्या पेडलवर मोटर आणि पॅड यांची जागा बदलताना पाय किंचित गोंधळतो. काहींना आठवड्यात सवय होते, काहींना कधीच होत नाही. बॅटरीवर बहुतेक कंपन्या आठ वर्षे किंवा 1,60,000 किमीची हमी देतात, त्यामुळे "बॅटरी बदलावी लागली तर?" ही भीती नवी गाडी घेणाऱ्याने बाळगू नये; जुनी घेणाऱ्याने मात्र नक्की बाळगावी. आणि साधी आवृत्ती हवी असेल तर फार वाट पाहू नका, कारण काही घराण्यांत ती राहिलेलीच नाही. उरुस आता हायब्रिडच मिळते. उलट, फेरारी पुरोसांग्वेत 725 अश्वशक्तीचे, टर्बोही नसलेले व्ही-12 अजून आहे आणि ॲस्टन मार्टिनच्या डीबीएक्स707मध्ये 707 अश्वशक्तीची व्ही-8 कोणत्याही मोटरीविना चालते.

टेस्ट ड्राइव्हला जाल तेव्हा शोरूमवाल्याला आदल्या दिवशी फोन करून सांगा की हायब्रिड गाडी बॅटरी उतरलेल्या अवस्थेत चालवून पाहायची आहे. तो काचकूच करील, पूर्ण चार्ज करूनच गाडी समोर उभी करील. तसे झाल्यास तीच गाडी पन्नास-साठ किलोमीटर द्रुतगती मार्गावर पळवा आणि मग चढावर दाबून पाहा. डिकीत स्वतःच्या बॅगा ठेवून पाहा, आणि केबलची पिशवीही. त्यानंतर चालवून जे वाटेल ते माझ्या किंवा विक्रेत्याच्या शब्दांपेक्षा जास्त खरे धरा.

साडू हे उत्तर वाचतीलच. त्यांनी खाली आपले म्हणणे जरूर मांडावे. सोबत मागच्या सहा महिन्यांची वीजबिले आणि पेट्रोलच्या पावत्या जोडाव्यात, मी माझ्या जोडायला तयार आहे.