देवावर वीज पडली तं हसावं का नाही?

प्रश्न : भाऊ, राम राम. आमच्या पोट्ट्यायनं मोबाईलवर एक जुनी बातमी दाखवली, अमेरिकेत येशूची टोलेजंग मूर्ती वीज पडून जळाली आन तिथले लोक त्याच्यावर जोक मारत होते. पानठेल्यावर आम्हीबी लय हासलो. तं भजनी मंडळातले बुवा भडकले, म्हणे उद्या आपल्या मारुतीच्या देवळावर पडली तं असेच दात काढसान का? आता मले चैन नाही. हासलो ते चुकलं का? आन कळसाजवळ वीज अटकाव यंत्र लावलं तं देवावर भरोसा नाही असा अर्थ होते का?
– एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : बाप्पा, आधी पाणी प्या. ते गाव मन्रो, ओहायो राज्यातलं. तिथं एका चर्चनं 2004 मध्ये हायवेच्या कडेला 62 फुटी येशू उभा केला, आतून लोखंडी सांगाडा आन वरून थर्माकोलसारखा फोम नि फायबर, म्हणजे आपल्या गणपतीच्या डेकोरेशनचाच मोठा भाऊ. दोन्ही हात सरळ आभाळाकडे. त्यायच्या फुटबॉलमध्ये गोल झाला की पंच असेच हात वर करते, म्हणून लोकायनं नाव ठेवलं ‘टचडाऊन जीझस’. आपल्या गावात असता तं पोट्टे म्हणले असते, अंपायरनं सिक्सर देल्ला! रंग पिवळसर म्हणून कोणी ‘लोण्याचा येशू’बी म्हणे. म्हणजे जळायच्या आधीपासूनच हसणं चालू होतं, वीज तं मागून आली, 14 जून 2010 च्या रात्री. फोम भडकला, सकाळी नुसता सांगाडा.

मंग काय, सगळ्यात जास्त चाललेला जोक हा, की रस्त्यापलीकडंच मोठ्या माणसायच्या ‘तसल्या’ मालाचं दुकान होतं आन ते जसंच्या तसं, देवाचा नेम चुकला वाटते! मले इचारसान तं हे हसणं येशूवर नाही, फोमवर आहे. चर्चनं 2012 मध्ये नवी मूर्ती बसवली, 52 फुटाची, हात आता पुढं पसरलेले, तं लोक म्हणे हा गळाभेट मागून राह्यला. हौस काही फिटत नाही पहा.

लोण्यावरून आठवलं, हिमाचलात कुल्लूजवळ बिजली महादेव आहे. तिथले लोक मानतात की पिंडीवर वीज पडते, तुकडे होतात आन पुजारी लोण्यानं जोडून टाकते. तिथं कोणी चिडत नाही, म्हणतात महादेवानं आपल्यावरचं संकट स्वतःवर घेतलं.

आता भरोशाचं. युरोपात जुन्या काळी वीज कडाडली की ती पळवायले चर्चच्या घंटा वाजवत, आन उंच मनोऱ्यात ओली दोरी धरून उभा असलेला घंटावालाच मरे. त्याचा भरोसा कमी होता का? वीज धर्म पाहत नाही, उंची पाहते. कळस गावात सगळ्यात उंच, म्हणून यंत्र लावाच, फक्त त्याची पट्टी खाली जमिनीत नीट अर्थिंगपर्यंत गेली पाहिजे, नाहीतर ठेकेदार वर नुसता भाला ठोकून बिल घेऊन जाईल. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं, वीज पडायचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप बुवांच्याही मोबाईलवर टाकून द्या, आन वावरात गडगडाट झाला तं कडूनिंबाखाली थांबू नका म्हणा.

यंत्राच्या वर्गणीची पहिली पावती बुवांच्याच नावानं फाडजा.