हब बदलू की सराव वाढवू?

‘चांगलं सामान घेऊन दिलं तर पोरगा खरंच शिकेल, की पैसे पाण्यात जातील?’ पालक हे विचारतात तेव्हा सामान दर वेळी वेगळं असतं. गिटार, बॅट, कॅमेरा, हल्ली गेमिंगचा लॅपटॉप. मुलांचाही प्रश्न तोच, फक्त उलट्या बाजूने: ‘सामानच धड नाही, तर जमणार कसं?’ जळगावात पालक-मुलांच्या समुपदेशनाचं काम करताना मी असे बरेच वाद ऐकलेत. दोन्हीकडच्यांना वाटतं, आपण पैशांवरून भांडतोय.

गेल्या उन्हाळ्यात रावेर तालुक्यातून बाप-लेक आले. वडील केळीवाले, मुलगा 19 वर्षांचा, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. घरी त्याला भावड्या म्हणतात. आमच्याकडे गल्लोगल्ली भावड्या असल्यामुळे तेच नाव इथे चालून जाईल. थोडे तपशील बदलले आहेत आणि लिहायला दोघांची ना नाही.

“ताई, याले तुम्हीच सांगा काही,” वडील बसायच्या आधीच सुरू झाले. “आधी हँडल झालं, मग पेडल, मग ब्रेक. आता म्हणतो मागच्या चाकाचं हब पाहिजे. अन् त्या हबाची किंमत सायकलीपेक्षा जास्त!”

हब म्हणजे चाकाच्या मधोमधला, आसाभोवती फिरणारा भाग. भावड्याचा छंद ट्रायल्स सायकलिंगचा. दगड, ओंडके, भिंती, पायऱ्या यांवरून सायकल न्यायची, पाय जमिनीला न लावता. इथे वेगाला काही मोल नाही, सगळा खेळ तोलाचा. पाय टेकला की दंड. खास ट्रायल्सच्या सायकलीला बहुधा सीटच नसते. हा खेळ आला मोटरसायकल ट्रायल्समधून. 1970 च्या दशकात स्पेनमध्ये मोन्टेसा मोटरसायकलींशी जोडलेल्या पेद्रो पी यांनी आपल्या मुलासाठी, ओट पीसाठी, तशा धाटणीची छोटी सायकल बनवली आणि पुढे तोच मुलगा जागतिक विजेता झाला. हे मला भावड्यानेच सांगितलं, वडिलांकडे तिरप्या नजरेने बघत.

त्याच्याकडे होती साधी 26 इंची गिअरची एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक. हब का हवं, हे त्याने कागदावर चित्र काढून दाखवलं. साध्या हबमध्ये आत मोजकेच खाचे असतात. 18 खाचे असतील, तर पेडल मारल्यावर पकड बसेपर्यंत 20 अंशांपर्यंत पोकळ फिरणं होऊ शकतं. 72 खाच्यांच्या हबमध्ये तेच 5 अंशांवर येतं. मागच्या चाकावर उभं राहून जागेवरून उडी घ्यायची, तर ती पोकळी नडते. गणित बरोबर होतं. वडील आयुष्यभर पंप आणि मोटारी खोलत आलेले, चित्र बघून तेही म्हणाले, “खोटं नाही बोलत तो.”

मी विचारलं, “शेवटचा सराव कधी केलास?”

तो वडिलांकडे बघायला लागला. मग म्हणाला, “सध्या बंद आहे मॅडम. हब आल्यावर नीट सुरू करणार.”

“आणि ब्रेक मागवले होते तेव्हा?”

“तेव्हाही पार्सल यायचं होतं.”

हँडलच्या वेळीही तेच. रात्री एक-एक वाजेपर्यंत मोबाईलवर पार्टची तुलना, सकाळी उशिरा उठणं, संध्याकाळी ‘आता काय, सामान येऊ दे.’ घरच्यांना वाटत होतं पोरगा सायकलपायी वेडा झालाय. सायकल तर गोठ्याला टेकून उभी होती.

मला इथे आळस दिसला नाही. गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात तो सराव करायचा, तिथे पोरं जमायची. “काय रे भावड्या, सायकल चालवता येत नाही म्हणून उभी धरली का?” रोज पन्नास वेळा पडायचं आणि रोज हे ऐकायचं. पार्ट मागवला की तेवढे दिवस पडावं लागत नाही आणि छंद सोडला असंही कुणी म्हणत नाही. खरेदीत लगेच काहीतरी पुढे सरकल्यासारखं वाटतं; सरावात आठवडाभर काहीच हलत नाही. एकोणिसाव्या वर्षी कोणीही यातलं सोपं तेच निवडेल.

काहीच न हलणं हाही शिकण्याचाच टप्पा असतो, हे मात्र त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर या मानसशास्त्रज्ञांनी 1967 मध्ये हाताचं किंवा अंगाचं कौशल्य शिकण्याचे तीन टप्पे मांडले. पहिल्यात प्रत्येक हालचाल डोक्याने करावी लागते, तिसऱ्यात ती आपोआप होते. मधला टप्पा लांबलचक आणि कंटाळवाणा. काय करायचं ते कळलेलं असतं, अंग ऐकत नसतं. माझा अनुभव असा, की दुकानाची वाट बहुतेक जण याच टप्प्यावर धरतात. शिवाय 1979 मध्ये जॉन शी आणि रॉबिन मॉर्गन यांनी दाखवलं, की निरनिराळ्या हालचाली मिसळून सराव केला तर सरावाच्या वेळी कामगिरी वाईट दिसते, पण काही दिवसांनी तपासली तर तीच जास्त टिकलेली असते. म्हणजे त्या दिवशी मैदानात काय दिसलं, यावरून शिकणं मोजता येत नाही. भावड्या नेमकं तेच मोजत होता. मैदानातली पोरंही तेच.

त्याला मी एक वही करायला सांगितली. सराव अर्ध्या तासाच्या वर नको, सकाळी सहाच्या आसपास, कारण मे महिन्यात आमच्याकडे आठनंतर लोखंडाला हात लावायची सोय नसते. मोबाईल विटेला टेकवून व्हिडिओ काढायचा. वहीत दोनच खाने. डावीकडे ‘काय चुकलं’, उजवीकडे ‘नवं सामान असतं तर हे चुकलं असतं का’. उजवीकडे हो, नाही किंवा माहीत नाही, एवढंच.

“डॅनी मॅकॅस्किलकडे कसली सायकल होती माहितीये का तुम्हाला?” तो जाता जाता म्हणाला. 2009 मध्ये एडिनबर्गच्या रस्त्यांवरच्या ज्या व्हिडिओने हा स्कॉटिश पोरगा जगभर पोचला, तो भावड्याला पाठ होता. मी विचारलं, त्या वेळी तो पोटापाण्यासाठी काय करायचा? सायकलच्या दुकानात मेकॅनिक होता. मग यावर भावड्याच बराच वेळ बोलला: त्याला पार्ट ओळखता येत असतील, पण तो व्हिडिओतल्या त्या कुंपणावरून पडत पण होता ना.

पुढच्या भेटीत वही भरलेली होती. डावीकडे ‘पेडल पोकळ गेलं’ सगळ्यात जास्त वेळा, आणि उजवीकडे ठळक ‘हो’. हबाची बाजू भक्कम होती. आम्ही व्हिडिओ संथ करून बघितला. मला सायकलीतलं कळत नाही, म्हणून मी बावळट प्रश्न विचारू शकते. “उडी घ्यायच्या आधी तुझा पाय मागे का जातो रे?”

त्याने तीनदा मागे नेऊन बघितलं. जोर लावायच्या आधी तो पेडल जरासं उलटं घेत होता, उडी मारणारा माणूस आधी गुडघा वाकवतो तसं. पेडल उलटं घेतलं की हब एखादा खाचा सोडतं, आणि मग तेवढी पोकळी पुन्हा भरून काढावी लागते. पेडलवर पायाचा दाब आधीपासून कायम ठेवला तर साध्या हबमध्येही पकड बसलेलीच राहते. भारी हबने पोकळी कमी झाली असती, पाय मागे जायची सवय तशीच राहिली असती. त्याने माझ्यासमोरच दोन पानांवरचे ‘हो’ खोडले नाहीत, पण त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. मला ते जास्त आवडलं.

सगळं खापर सरावावर फोडून मी त्याला घरी पाठवला नाही. वहीत ‘खाड्कन आवाज, पाय सटकला’ अशीही नोंद होती. त्याला तालुक्यातल्या जुन्या सायकल मिस्तरीकडे जायला सांगितलं, वडिलांसकट. मिस्तरीने हबाकडे बघितलंही नाही. स्टीलची पट्टी चेनला लावली. 12 इंचांत चेनच्या कड्यांच्या बरोबर 12 जोड्या बसायला हव्यात. भावड्याची चेन त्या मापात एक अष्टमांश इंच पुढे गेली होती. इतकी ताणलेली चेन जोर पडला की दातांवरून उडते आणि माणूस छातीने हँडलवर जातो. ब्रेकचे पॅडही संपत आले होते. हेल्मेट नव्हतंच, नडगीला पॅडही नव्हते. वर मिस्तरीने फुकटात दोन गोष्टी केल्या: ब्रेकचा दांडा आत सरकवला, म्हणजे एका बोटाने दाबता येईल, आणि मागच्या टायरची हवा कमी केली.

वडिलांशी मी वेगळं बोलले. त्यांनी घरी अट घातली होती, ‘आधी हौदाच्या कठड्यावर चढवून दाखव, मग पैसे.’ ऐकायला रास्त वाटतं. पण त्या अटीपायी पोरगा शिकायचं सोडून दाखवायच्या मागे लागला होता, आणि कठड्यावरून पडून नडगी सोलून घेतली होती. हे त्यांना माहीत नव्हतं; आईला होतं. मी म्हटलं, जीव वाचवणाऱ्या सामानाला अट नको. हेल्मेट, चेन, पॅड, लगेच. बाकी सामानासाठी वही बघा. एकच चूक महिनाभर येतेय, व्हिडिओत अंगाची चूक दिसत नाही आणि मिस्तरीही म्हणतो सामान कमी पडतंय, तर घेऊन द्या. आणि एका वेळी एकच वस्तू. दोन एकदम बदलल्या तर फरक कशाने पडला ते कळत नाही, आणि नव्या पकडीची सवय व्हायला अंगाला पुन्हा दिवस लागतात.

ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “म्हणजे घड धरल्यावर टेकू. आधी नाही.”

इतकं नेमकं मला सांगता आलं नसतं.

त्यानंतर भावड्या महिन्यातून एकदा यायचा, पुढे पुढे फोनवरच. रोजच्या मैदानाऐवजी त्याने सुकी नदीचं कोरडं पात्र धरलं. तिथे गोटे भरपूर आणि बघे नाहीत. सवयीचा नसलेला पाय पुढे ठेवून जागेवर तोल धरणं त्याला सगळ्यात जड गेलं, अजून जातं. हबाचं काय, म्हणून मी मुद्दाम विचारत नाही. मध्ये एकदा त्यानेच सांगितलं, की ‘पोकळ’ आता आठवड्यातून एखाद-दुसऱ्यांदा लिहितो, आणि पुण्यातला एक जण जुनं हब विकतोय, पण दिवाळीपर्यंत थांबतोय. सराव बंद करून थांबलायस का, विचारलं. नाही म्हणाला. मग थांबायला हरकत नाही.

गेल्या महिन्यात वडिलांचा फोन आला. मागच्या टायरची बाजू घासून आतले धागे दिसायला लागलेत, पोरगा नवं टायर मागतोय. “ताई, हे कोणत्या खान्यात धरू? हट्ट की जरुरी?”

धागे दिसत असतील तर विचारू नका म्हटलं, आजच घेऊन टाका.