ओडू या व्यवसाय-व्यवस्थापन सॉफ्टवेअरची केवळ क्रॉन (ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या) कामांसाठी लावलेली दुसरी सेवा ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ (पत्ता आधीच वापरात आहे) अशी त्रुटी देऊन बंद पडते, तेव्हा काय करावे?
लिनक्सवर प्रथम सुडोसह (प्रशासकाच्या अधिकाराने) ‘एसएस -एलटीएनपी’ ही आज्ञा चालवून ८०६९ आणि ८०७२ हे पोर्ट (सर्व्हरवरील जोडणीचे क्रमांक) कोणत्या प्रक्रियेने धरले आहेत ते पाहावे. अनेकदा तेथे पूर्ण न थांबलेली जुनी ओडू प्रक्रियाच आढळते. दोन्ही सेवा हेतुपुरस्सर एकाच सर्व्हरवर चालवायच्या असतील, तर बहुतेक जण एचटीटीपी पोर्ट (ब्राउझरसाठीचा ८०६९) तेवढा बदलतात आणि ‘वर्कर्स’चे (विनंत्या हाताळणाऱ्या समांतर प्रक्रियांच्या संख्येचे) मूल्य शून्याहून अधिक असल्यास ओडू लाइव्ह चॅट व सूचनांसाठी ८०७२ वर स्वतंत्र प्रक्रिया उघडते, हे विसरतात. हा दुसरा पोर्ट आवृत्ती १६ पासून ‘जीइव्हेंट_पोर्ट’ या नावाने नोंदवला जातो, पूर्वी तो ‘लाँगपोलिंग_पोर्ट’ होता.

तुमच्या बाबतीत मात्र पोर्ट बदलत बसण्याचे मला कारण दिसत नाही. पार्श्वभूमीतील कामांना ब्राउझरची जोडणी लागत नसल्याने दुसऱ्या सेवेच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘एचटीटीपी_एनेबल = फॉल्स’ लिहावे, म्हणजे ती दोन्हींपैकी एकही पोर्ट उघडणार नाही. मुख्य सेवेत ‘मॅक्स_क्रॉन_थ्रेड्स = ०’ ठेवल्यास सर्व क्रॉन कामे दुसऱ्या सेवेकडेच राहतील.