स्पीकर नंतर, आधी पॉलिसी परत करा

डोंबिवलीच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं. वय ३४, हातात पगार ७५ हजार. गेल्या वर्षी एकटीच्या नावावर वन बीएचके घेतला: ३८ लाखांचं गृहकर्ज, २० वर्षं, साडेआठ टक्के, महिन्याला ३३ हजारांचा हप्ता. सोबत ६४ वर्षांची आई, दिवसभर घरात एकटी. प्रश्न असा: "बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरकडून मी वर्षाला १ लाख हप्त्याची गॅरंटीड पॉलिसी घेतली. दहा वर्षं भरायचे. त्यावर ते स्मार्ट स्पीकर भेट देताहेत. अलेक्साचा घेऊ की गूगलचा? आईला रात्री उठून चाचपडत बटण शोधावं लागू नये, नुसतं बोलल्यावर दिवा लागावा. तिच्या बीपीच्या आणि माझ्या थायरॉइडच्या गोळीची आठवणही झाली तर बरं. तिला मराठीच येतं, हिंदी जेमतेम. पॉलिसीचे २० वर्षांनी २२ लाख मिळतील, ते आईच्या म्हातारपणाला होतील." पहिला हप्ता त्यांनी २ लाखांची एफडी मोडून भरलाय. पॉलिसीची पीडीएफ पत्राला जोडली होती.

ती पीडीएफ उघडल्यावर मी त्याच संध्याकाळी त्यांना मेल केली, कारण थांबायला वेळ नव्हता. तेच उत्तर इथे देतोय. असा कागद नुकताच हातात पडलेले आणखीही कुणी हे वाचत असतील.

ताई, पॉलिसी तुमच्या मेलवर ९ तारखेला आली. तेव्हापासून ३० दिवसांत ती परत करता येते. याला फ्री लुक म्हणतात आणि तो तुमचा हक्क आहे, कंपनीची मेहेरबानी नव्हे. तेवढ्या दिवसांच्या विमा संरक्षणाचे, स्टॅम्प ड्युटीचे आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचे पैसे कापून बाकी हप्ता परत मिळतो. अर्ज थेट विमा कंपनीला करा, लेखी करा आणि पोच घ्या. मॅनेजरला फोन करून विचारत बसू नका. तो "मॅडम, पुढच्या आठवड्यात घरी येऊन समजावतो" म्हणेल, आणि त्यातच मुदत निघून जाईल.

आता परत का करायची ते.

तुम्ही १० वर्षांत १० लाख भरणार आणि विसाव्या वर्षाच्या शेवटी २२ लाख घेणार. पैसे दुपटीहून जास्त झाल्यासारखे वाटतात, पण हिशेब केला तर वर्षाला साधारण सव्वापाच टक्के पडतात. त्याच वेळी तुम्ही बँकेला साडेआठ टक्क्यांनी व्याज देताय. म्हणजे साडेआठने घेतलेलं कर्ज डोक्यावर ठेवून सव्वापाचने पैसे गुंतवायचे.

हाच १ लाख दर वर्षी गृहकर्जात जादा भरला तर कर्ज २० ऐवजी साधारण १३ वर्षांत संपतं. शेवटच्या सात वर्षांचे ३३ हजारांचे हप्ते, म्हणजे सुमारे २८ लाख रुपये, भरावेच लागत नाहीत. तेही विसाव्या वर्षाची वाट न बघता, चौदाव्या वर्षापासून दर महिन्याला हातात राहतात. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरायला बँक दंड लावू शकत नाही.

आणि आईच्या म्हातारपणाचं. ताई, वीस वर्षांनी आई ८४ वर्षांच्या असतील. त्यांचं म्हातारपण आज चालू आहे. त्यांना पैसा लागला तर तो येत्या पाच-दहा वर्षांत लागेल, आणि त्या काळात ही पॉलिसी मोडायला गेलात तर भरलेलेही बहुधा पूर्ण परत येणार नाहीत.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती पान दोनवरच्या एका आकड्याची. विमा रक्कम १० लाख. कर्ज ३८ लाख, तुमच्या एकटीच्या नावावर. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर हे १० लाख कर्जात जातील, वर २८ लाख शिल्लक राहतील, आणि ते फेडायला ६४ वर्षांची बाई. घर विकावं लागेल. तुम्ही पत्रात आईच्या अंधाराचा इतका विचार केलाय, त्यात हाही अंधार धरा. १ कोटीचा साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा), साठीपर्यंतचा, तुमच्या वयाला वर्षाला दहा-बारा हजारांत येतो. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. या पॉलिसीच्या हप्त्याच्या आठव्या हिश्श्यात दहापट संरक्षण. मॅनेजरने तो सुचवला नाही, कारण त्यात त्याच्या टार्गेटला फारसं काही मिळत नाही. वर्षानुवर्षं मी हेच बघतोय आणि दर वेळी तितकाच संताप येतो.

पान सातवर प्रश्न आहे: नियमित औषध घेता का? उत्तरात "नाही". तुम्ही तर मला थायरॉइडच्या गोळीबद्दल लिहिताय! फॉर्म मॅनेजरने टॅबवर भरला असणार आणि तुम्ही ओटीपी सांगितला असणार. सही मात्र तुमची धरली जाते. विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार पहिली तीन वर्षं कंपनी अशा चुकीच्या माहितीवर बोट ठेवून दावा नाकारू शकते. टर्म विमा घेताना फॉर्म स्वतः बसून भरा, गोळीचं नाव आणि डोससुद्धा लिहा. हप्ता थोडा वाढला तर वाढू दे.

राहिली ती भेट. पॉलिसी घ्यावी म्हणून गिऱ्हाइकाला आडून काही सवलत देणं विमा कायद्याच्या कलम ४१ ने बंद केलंय, आणि ती घेणंही. रोख पैशांऐवजी खोका दिला म्हणून त्याचा अर्थ बदलत नाही. खोका घरी आला असेल तर न उघडता परत करा.

परत आलेला लाख आणि मोडलेल्या एफडीतला उरलेला लाख पुन्हा एफडीत टाका. तुमच्याकडे अडीअडचणीला तेवढंच आहे. २ लाख म्हणजे तुमचे जेमतेम सहा हप्ते. पुढच्या वर्षीपासून जो लाख या पॉलिसीत जाणार होता त्यातून टर्मचे बारा हजार आणि आईच्या आरोग्य विम्याचे तीस-चाळीस हजार काढा. (कंपनीच्या विम्यात आई असतील तरी, कारण नोकरी सुटली की तो विमाही सुटतो.) उरलेले ५० हजार कर्जात भरा. एवढ्यानेही चारेक वर्षं कमी होतात.

आता तुमचा मूळ प्रश्न. स्पीकर घ्याच, आईंना उपयोग होईल. छोटा अलेक्सा चार-पाच हजारांत येतो, सणासुदीच्या सेलमध्ये त्याहून कमी. बोलल्यावर लागणारा स्मार्ट बल्ब सहा-सातशेचा. पगारातून रोख घ्या. नो-कॉस्ट ईएमआयवर नको, त्यात प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी जातोच. अडचण भाषेची आहे. हे स्पीकर भारतात इंग्रजी आणि हिंदी समजतात, मराठीवर विसंबू नका. गूगलचा असिस्टंट अँड्रॉइड फोनवर मात्र मराठी ऐकतो. म्हणून आधी पंधरा दिवस आईंच्या फोनवर त्यांना "आठ वाजता गोळीची आठवण कर" बोलायची सवय करून बघा. जमलं तर स्पीकर. माझा कल अलेक्साकडे आहे: हाक मारायला एकच सोपा शब्द, आणि ऑफिसातून तुम्हाला ॲपवरून त्यावर थेट आईंशी बोलता येईल. "अलेक्सा, बत्ती जलाओ" एवढी हिंदी त्या दोन दिवसांत शिकतील. आवाजावरून खरेदीची सोय पहिल्याच दिवशी बंद करा. वीज गेली की वायफाय जातं आणि आठवणही जाते, त्यामुळे गोळ्यांची सात कप्प्यांची डबी ओट्यावर असू द्या, आणि पलंगाशेजारी एक बॅटरीचा दिवा.