पुस्तक छापलं, आता वाचक कुठून आणू?

प्रश्न : वीजवाहिन्यांच्या दुरुस्तीत माझं आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर त्या अनुभवांवरच्या कथांचं पुस्तक स्वखर्चाने काढलं. नातेवाइकांनी, जुन्या सहकाऱ्यांनी प्रती घेतल्या आणि तिथेच विक्री थांबली. रोज व्हॉट्सअ‍ॅपवर मुखपृष्ठ टाकतो. लोक अंगठा दाखवतात, पुस्तक कुणी मागवत नाही. अनोळखी वाचकांपर्यंत कसं पोचू?

उत्तर : आधी तो मुखपृष्ठाचा रतीब बंद करा. मुखपृष्ठावर 'वा, छान!' म्हणण्यापलीकडे माणूस करणार तरी काय? ज्याने तुमचं नाव कधी ऐकलेलं नाही, त्याला वाचायला तुमचं एखादं पान द्या.

तुम्ही पाठवलेल्या प्रतीचं मलपृष्ठ पाहिलं. 'मानवी भावभावनांचे हळुवार पदर उलगडणाऱ्या हृदयस्पर्शी कथा.' माझ्याकडे परिचयासाठी येणाऱ्या कितीतरी पुस्तकांच्या पाठीवर हेच पदर उलगडत असतात, आणि नाव झाकलं तर कुठलं कुणाचं ते कळू नये. उलट तुमची तिसरी कथा सुरू होते ती अशी : वादळात खांबावर चढलेल्या माणसाला खालचा पोऱ्या ओरडून विचारतो, 'लाइन बंद केलीय ना?' आणि वरच्याला ते नक्की आठवत नाही. अहो, हे आत का दडवून ठेवलंत? पुढच्या छपाईत मलपृष्ठावर एवढंच घ्या आणि तिथेच थांबा. परिचयात पदव्या, सत्कार नकोत. 'लेखकाने खांबांवर नोकरी केली' हे एक वाक्य पुरे.

दुसरी गोष्ट. अर्पणपत्रिका, दोन प्रस्तावना, मनोगत, ऋणनिर्देश हे सगळं ओलांडून तुमची पहिली कथा एकोणिसाव्या पानावर येते. छापील प्रतीत वाचक पानं उलटून पुढे जाईल. पण ई-पुस्तकांच्या दुकानात नमुना म्हणून सुरुवातीचाच भाग वाचायला मिळतो, आणि तिथे तुमचा वाचक पाहुण्यांचे आभार वाचून परत जातो. आभार मागे न्या. एक प्रस्तावना तर काढूनच टाका (कुठली, ते तुम्हाला ठाऊक आहे).

आता माणसं. 'पुस्तक सर्वांसाठी आहे' म्हणून भागत नाही. रात्रपाळी करणारे, वायरमन, त्यांच्या घरची मंडळी, कामगारांच्या गृहपत्रिका आणि कष्टाच्या कामांबद्दल आवडीने वाचणारे, इथून सुरुवात करा. एखाद्या गृहपत्रिकेच्या संपादकाला ती तिसरी कथा अख्खी छापायला द्या, मोबदला न मागता. शेवटी पुस्तक कुठे मिळेल ते दोन ओळींत.

फुकट दिलं तर विकत कोण घेईल, ही धास्ती अनेकांना असते. अँडी वीअर या लेखकाने 'द मार्शियन' ही कादंबरी आपल्या संकेतस्थळावर प्रकरण-प्रकरण करून फुकटच दिली होती. ई-रीडरवर वाचता येईल अशी करा, हा आग्रह वाचकांनीच धरला. 2011 मध्ये ती अ‍ॅमेझॉनच्या किंडलवर ई-पुस्तक म्हणून आली, खपली, आणि मोठा प्रकाशक नंतर आला. मात्र त्याआधी कित्येक वर्षं तो संकेतस्थळावर लिहीत होता आणि वाचक जमवत होता, हे सांगताना लोक विसरतात.

प्रश्न : माझ्या कवितासंग्रहावर कुणीच अभिप्राय देत नाही. दुसऱ्या नावाने मीच एक-दोन लिहिले तर?

उत्तर : ही युक्ती जुनी आहे. अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनने 1855 मध्ये 'लीव्हज ऑफ ग्रास' हा कवितासंग्रह स्वतः छापून घेतला आणि निनावी परीक्षणांत स्वतःचीच तारीफ केली. पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत तर नामवंत लेखक इमर्सनच्या खासगी पत्रातलं कौतुकाचं वाक्य, त्याला न विचारता, पुस्तकाच्या कण्यावर सोनेरी अक्षरांत छापलं! कविता टिकल्या त्या स्वतःच्या बळावर. परीक्षणांचं बिंग मात्र फुटलंच. आज अ‍ॅमेझॉनसारख्या ठिकाणी लेखकाने स्वतःच्या पुस्तकावर अभिप्राय देणं नियमात बसत नाही, घरच्यांनी देणंही नाही.

त्यापेक्षा ज्यांनी खरंच वाचलंय अशा दोघा-तिघांना म्हणा, 'न आवडलेलंही लिहा.' 'मधल्या कविता लांबल्यात, पण आईवरची दोनदा वाचली' असा अभिप्राय वाचून मी पुस्तक उघडतो. नुसत्या 'अप्रतिम'वर नाही. परीक्षकाला प्रत पाठवताना सोबत चार ओळींची चिठ्ठी आणि एका कवितेचा पान क्रमांक द्या. आठ दिवसांनी 'वाचलंत का?' म्हणून फोन करू नका. त्या फोननंतर पुस्तक गठ्ठ्याच्या तळाशी जातं, निदान माझ्याकडे तरी.